गुळवेलीची परीक्षा आणि आपली माणसे

‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द २०२० सालापूर्वी आमच्या केज तालुक्यात बोलण्यात फारसा येत नसे. करोनाच्या साथीने तो वाडीवस्तीवर पोचवला आणि त्याच्या पाठोपाठ गुळवेल आली. आली म्हणणेही बरोबर नाही. ती इथेच होती. बांधावरच्या लिंबावर चढलेली, हृदयाच्या आकाराच्या पानांची, वरून दोऱ्यांसारखी मुळे सोडणारी ही वेल आमच्या आया-आज्यांना चांगली माहीत होती. ताप हटत नसला की तिचा कडूजहर काढा आमच्या घशाखाली उतरवला जाई. जाहिरातदारांनी तिचे ‘गिलोय’ केले, तिला बाटलीत भरले, आणि ज्याच्या बांधावर ती फुकट उगवते त्यालाच ती विकत घ्यायला लावली.

एवढ्यावरच थांबले असते तर मी लेखणी उचलली नसती. मी केजमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवतो. आईवडिलांचे आयुष्य ऊसतोडीत गेले, घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिला मीच. त्यामुळे वस्तीतल्या माणसांना ‘सर’ हा कोणत्याही शास्त्रातले काहीही सांगू शकेल असे वाटते. गेल्या तीनचार वर्षांत मला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू आला आहे : “सर, गुळवेलीनं सीडी-४ वाढतो का?” कोणासाठी विचारतोस, असे मी कधी विचारत नाही. ज्याला सीडी-४ हा शब्द ठाऊक आहे त्याच्या भावकीत कोणीतरी एआरटीची गोळी घेत असणार, हे कळण्याइतका मी याच वस्तीतला आहे. या प्रश्नाच्या पोटात दुसराही एक प्रश्न दडलेला असतो. वेलीने भागत असेल तर ती रोजची गोळी सोडता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो : नाही. पहिल्याचे उत्तर मात्र एका शब्दात देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यासाठी आपल्याच महाराष्ट्रात, नागपूरला, झालेली एक परीक्षा समजून घ्यावी लागेल. ‘परीक्षा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आपण सगळे परीक्षा देऊन इथवर आलो. औषधानेही ती दिली पाहिजे.

एचआयव्ही हा विषाणू रक्तातल्या ज्या पेशींवर तुटून पडतो त्यांना सीडी-४ पेशी म्हणतात. या पेशी स्वतः लढतात त्याहून अधिक काम इतर पेशींना कामाला लावण्याचे करतात. टोळीत वीस कोयते असले तरी कोणी फड वाटून दिला नाही तर तोडणी पुढे सरकत नाही, तसे हे आहे. (मुकादमाची एवढीच एक तारीफ या लेखात आहे.) निरोगी माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात या पेशी साधारणपणे ५०० ते १५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्या की क्षय, तोंडातली बुरशी, मेंदूचे आजार हे सारे संधी साधतात आणि त्या अवस्थेला एड्स म्हणतात. भारतात हा विषाणू १९८६ साली मद्रासमध्ये प्रथम सापडला. सेल्लप्पन निर्मला आणि त्यांच्या मार्गदर्शक डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, यांच्या तपासण्यांतून तो उघड झाला. तीन औषधांचा परिणामकारक उपचार श्रीमंत देशांत १९९६ पासून सुरू झाला, पण त्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. मुंबईच्या सिप्ला कंपनीने फेब्रुवारी २००१ मध्ये तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली तेव्हा जगभर खळबळ उडाली. आपल्या सरकारने महाराष्ट्रासह सहा राज्यांत मोफत औषधे द्यायला १ एप्रिल २००४ पासून सुरुवात केली.

१९८६ ते २००४. ही अठरा वर्षे ध्यानात ठेवली पाहिजेत. या काळात गरीब रुग्णाच्या हाती काय होते? काढा, अंगारा, ताईत, आणि वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती. तो जडीबुटीकडे गेला तो अडाणी होता म्हणून, असे सुशिक्षित मंडळी सहज म्हणून जातात. त्याच्यापुढे दुसरे दारच उघडे नव्हते, हे ती मंडळी विसरतात. शिवाय रोगाबरोबर बहिष्कारही येत होता. वेगळा पेला, वेगळी ताटली, पाणवठ्यावर कुजबूज. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या हे भोगले त्यांना या रोगातली शिवाशिव कोणी समजावून सांगायला नको. बांधावरची वेल निदान कोणाला नाव-गाव विचारत नाही.

आता गुळवेलीकडे. तिचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तोडलेली फांदी टांगून ठेवली तरी ती हवेत मुळे सोडून जगते, म्हणून संस्कृतात तिला अमृता म्हटले असावे असे मला वाटते. तिच्यात काहीच नाही असे म्हणणे चूक ठरेल. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. ऊर्मिला थत्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा अनेक वर्षे अभ्यास केला. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या तीस शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरचा त्यांच्या विभागाचा प्रयोग १९९३ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचाराला गुळवेलीची जोड मिळालेल्या रुग्णांत रक्तातला जंतुसंसर्ग कमी झाला आणि अधिक माणसे वाचली. पुढे १९९९ साली भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी तिच्या खोडातून प्रतिकारपेशींना चेतवणारी एक बहुशर्करा वेगळी काढली. म्हणजे ही वेल प्रतिकारव्यवस्थेला काहीतरी करते, याला आधार आहे. पण ‘काहीतरी करते’ आणि ‘या रोगात भले करते’ या दोन विधानांत मोठे अंतर आहे. ते अंतर ओलांडण्यासाठीच नागपूरची परीक्षा होती.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील कळीकर, थवानी आणि सहकाऱ्यांनी घेतलेली ही परीक्षा ‘इंडियन जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’मध्ये २००८ साली छापून आली. एचआयव्ही असलेल्या ६८ माणसांची यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दोन गटांत वाटणी केली. एका गटाला सहा महिने गुळवेलीचा अर्क दिला. दुसऱ्या गटाला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेले पण औषधासारखेच भासणारे काहीतरी दिले. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नव्हते. ते गुपित अखेरीस फोडले. रुग्णांची विचारपूस दर महिन्याला, रक्ताची तपासणी दर दोन महिन्यांनी, आणि सीडी-४ ची मोजणी आरंभी व शेवटी, अशी व्यवस्था होती.

एवढी लपवाछपवी कशाला, असे माझ्या वर्गात हमखास विचारले जाते. ऊसतोडणाऱ्याच्या पोराला मी काट्याचे उदाहरण देतो. गाडीतल्या उसाचे वजन कमी दाखवून काटा मारतात ही तक्रार आपल्याकडे जुनी आहे. ज्याचा नफा त्याच्याच हाती काटा असला तर वजनावर विश्वास ठेवायचा कसा? औषध देणाऱ्याला ते लागू पडावेसे वाटते आणि घेणाऱ्यालाही वाटते. दोघांचीही नियत साफ असली तरी मनाचा काटा झुकतो. म्हणून दोघांचेही डोळे बांधायचे. चिठ्ठ्या टाकायच्या त्या एवढ्यासाठी की धडधाकट माणसे निवडून औषधाच्या गटात आणि खंगलेली दुसऱ्या गटात, असे कोणाला करता येऊ नये.

निकाल काय लागला? गुळवेलीच्या गटातील ६० टक्के रुग्णांनी त्रास कमी झाल्याचे सांगितले, तर प्लासिबोच्या गटात हे प्रमाण २० टक्के होते. फरक चांगलाच आहे. बाटलीवाल्यांची जाहिरात इथेच संपेल. पण परीक्षेचा कागद इथे संपत नाही. रक्ताच्या तपासणीत लक्षणीय म्हणून नोंदलेले बदल दोन : इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या, आणि हिमोग्लोबिन कमी झाले. सीडी-४ वाढला असा निष्कर्ष लेखकांनी काढलेला नाही. उलट, रुग्णांना बरे वाटले तरी मोजलेल्या सगळ्याच गोष्टी त्याला दुजोरा देत नाहीत, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. गुळवेल घेणाऱ्यांत भूक मंदावणे, मळमळ, उलटी, अशक्तपणा या तक्रारी आल्या, त्याही नोंदल्या. शेवटी त्यांनी म्हटले ते इतकेच की मुख्य उपचाराला पूरक म्हणून गुळवेल वापरता येईल. मुख्य उपचाराऐवजी, असे त्यांनी म्हटलेले नाही.

मला या अहवालाचा आदर वाटतो तो याच कारणाने. गुळवेल चांगली असे म्हणायला त्यांच्याकडे ६० टक्के होते. तरी गैरसोयीचे आकडेही त्यांनी झाकले नाहीत. त्यातला हिमोग्लोबिनचा आकडा आपल्या दृष्टीने मोठा आहे. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात आधीच रक्त कमी आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. पहाटे अंधारात फडात शिरून दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या बाईचे हिमोग्लोबिन आणखी घसरले तर तिला बरे वाटण्याला अर्थ किती उरतो?

आणि त्या २० टक्क्यांकडेही पाहा. औषधाचा कणही पोटात गेला नाही तरी पाचांतल्या एकाला बरे वाटले. आमचे एक सहकारी याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे झाले. मला तसे वाटत नाही. ज्या माणसाला गावात कोणी जवळ बसवत नाही, त्याला सहा महिने दर महिन्याला कोणीतरी नीट तपासते, कसे वाटते म्हणून विचारते. याचा काही परिणाम होत नसेल असे कसे म्हणावे? पण तो परिणाम वेलीच्या खात्यावर जमा करता येत नाही. साठातून तो वजा करूनच वेलीचा हिशोब धरावा लागतो, आणि माणसे अवघी ६८ असल्यामुळे तो हिशोबही कच्चाच राहतो. तुलनेसाठी सांगतो. लवकर सुरू केलेल्या एआरटीमुळे जोडीदाराला होणारी लागण थांबते का, हे पाहणारी चाचणी नऊ देशांत १७६३ जोडप्यांवर झाली. आपल्या पुण्याची एड्स संशोधन संस्था तिच्यातले एक केंद्र होती. २०११ साली तिचा निकाल आला : लागण ९६ टक्क्यांनी कमी. पक्के वजन म्हणतात ते असे.

या विषयातली सगळ्यात मोठी फसगत ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ या घोषणेतच आहे. हा विषाणू चेतलेल्या सीडी-४ पेशींत अधिक जोमाने वाढतो. सतत चेतलेली, सतत जळत राहिलेली प्रतिकारव्यवस्था हा या रोगाचाच एक भाग आहे. चुलीत जाळ वाढवला म्हणजे भाकरी चांगली होतेच असे नाही, करपते. बरे, सीडी-४ चा आकडा खरोखर वाढवला तर? तेही करून पाहिले गेले. इंटरल्युकिन-२ नावाचे इंजेक्शन एआरटीच्या जोडीला देऊन दोन मोठ्या चाचण्या झाल्या. दोहोंत मिळून ५८०० च्या आसपास माणसे होती आणि निकाल २००९ साली प्रसिद्ध झाले. सीडी-४ वाढला. पण आजार कमी झाले नाहीत, मृत्यूही कमी झाले नाहीत. पटावरची हजेरी वाढली म्हणून शाळेत शिकवणे वाढले असे होत नाही, हे शिक्षक वाचकांना वेगळे सांगायला नको. रक्तात विषाणू किती आहे, म्हणजे व्हायरल लोड किती, हे महत्त्वाचे. आणि तो दाबून ठेवण्याचे काम आज एआरटीची गोळी करते. वेलीने ते काम केल्याचे सिद्ध झालेले नाही.

आणखी एक गोष्ट काळाची. नागपूरची परीक्षा झाली त्या दिवसांत सरकारी कार्यक्रमात सीडी-४ बराच खाली आल्यावरच गोळ्या सुरू होत. तोवर माणसाने वाट पाहायची. त्या वाट पाहण्याच्या काळात एखादी वनस्पती आधार देईल का, हा प्रश्न तेव्हा रास्त होता. २०१५ साली ३५ देशांतल्या ४६८५ माणसांवरच्या चाचणीने दाखवून दिले की वाट पाहण्यातच नुकसान आहे. लगेच गोळ्या सुरू केलेल्यांत गंभीर आजार व मृत्यू निम्म्याहून कमी झाले. २०१७ पासून आपल्याकडेही निदान झाले की, सीडी-४ कितीही असो, गोळी सुरू करायची असे धोरण आले. त्यामुळे ‘आधी सहा महिने वेल घेऊन पाहू’ या म्हणण्याला आता जागाच राहिलेली नाही.

आता चळवळीतल्या कार्यकर्त्यांचा आक्षेप. हे प्रयोग होतात कोणाच्या शरीरावर? सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभा असतो कोण? ज्या १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्याच वर्षी अमेरिकेतल्या टस्कीगीचे प्रकरण उघडकीस आले. अलाबामातल्या सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीयांना सरकारी आरोग्यखात्याने १९३२ पासून चाळीस वर्षे निरीक्षणाखाली ठेवले होते. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना तो सांगितला नाही, आणि पेनिसिलिन मिळू लागल्यावरही दिले नाही. फार लांब जायला नको. २००९ साली आंध्रातील खम्मम जिल्ह्यात हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस प्रकल्प म्हणून टोचली. आश्रमशाळांतल्या अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. लशीमुळे मृत्यू झाले असे चौकशीत ठरले नाही. लसही उपयोगाचीच आहे. पण ज्यांनी वसतिगृहात दिवस काढले त्यांना वॉर्डनची सही म्हणजे काय ते चांगले ठाऊक आहे.

संशय घेणे म्हणूनच गैर नाही. मात्र संशयाची दोरी कोणाच्या हाती आहे ते पाहावे लागते. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट गेल्यावर लोकांनी निवडलेल्या सरकारनेच एआरटीवर संशय घेतला. आरोग्यमंत्रिणीने बीट, लसूण आणि तिथल्या एका कंदाची शिफारस केली. गोऱ्यांच्या औषधाला आपल्या मातीचा पर्याय, ही कल्पना अभिमानाला सुखावणारी होती. २००८ साली हार्वर्डच्या संशोधकांनी हिशोब मांडला : औषधे द्यायला केलेल्या उशिरामुळे २००० ते २००५ या काळात तीन लाख तीस हजारांहून अधिक माणसे गेली. मेली ती काळी, गरीब माणसेच. तिथल्या ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन या रुग्णांच्याच चळवळीने न्यायालयात जाऊन २००२ साली गर्भवती स्त्रियांसाठी औषध मिळवले. ती चळवळ औषधाविरुद्ध नव्हती, औषधासाठी होती.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषधाला परवाना मिळवताना नागपूरसारखी परीक्षा द्यावी लागत नाही. प्राचीन ग्रंथात उल्लेख आहे हा आधार पुरतो. ग्रंथात लिहिले आहे म्हणून ते प्रमाण, हा न्याय आपण माणसांच्या बाबतीत नाकारला. मग त्याच न्यायाने आलेली बाटली निमूट का स्वीकारावी? गुळवेल रानात ओळखणारा वैदू त्या ग्रंथात नाही आणि बाटलीच्या नफ्यातही नाही, हे आणखी वेगळे. ‘नैसर्गिक आहे, अपाय होत नाही’ हेही ऐकीव. करोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने ते मानले नाही. वाद चालू राहील. पण यकृतावर आधीच औषधांचा भार असलेल्या माणसाने तो वाद स्वतःच्या शरीरावर सोडवायला जाऊ नये.

कायद्याने आपल्याला काही हत्यारे दिली आहेत. एड्स बरा करतो असा दावा औषधाच्या वेष्टनावर करायला मनाई आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. समजून-उमजून दिलेल्या संमतीवाचून तपासणी नाही, उपचार नाही, संशोधनही नाही, असे तो सांगतो. २०१९ च्या चाचणी नियमांतली एक तरतूद मला विशेष वाटली. नव्या औषधाच्या चाचणीत दुर्बल माणसाची संमती घेताना चित्र आणि आवाज दोन्ही मुद्रित करायचे असतात. एचआयव्ही आणि कुष्ठरोग यांवरच्या औषधांपुरते मात्र फक्त आवाज. चेहरा नको. समाज कसा आहे हे नियम करणाऱ्यांनाही माहीत होते म्हणायचे.

म्हणून “सीडी-४ वाढतो का” असे विचारणाऱ्याला मी नागपूरचा निकाल सांगतो, साठही सांगतो आणि हिमोग्लोबिनही. काढा घ्यायचाच असेल तर एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना सांगून घ्या, लपवून नको, आणि गोळी एक दिवसही चुकवू नका, असेही सांगतो. आमच्या भागात गोळी चुकते ती वेलीवरच्या श्रद्धेने कमी आणि उचलीच्या बोज्याने जास्त. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात त्या पार मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. कोपीत गोळ्यांची डबी लपवायला जागा नसते, केंद्र शेदीडशे मैल मागे राहते, आणि एक दिवसाचा खाडा म्हणजे मुकादमाच्या वहीत आणखी एक आकडा. परजिल्ह्यात असताना तिथल्या एआरटी केंद्रातून गोळ्या घेण्याची सोय सरकारी कार्यक्रमात आहे. ती बऱ्याच जणांना ठाऊकच नसते. टोळी निघण्यापूर्वी आपल्या केंद्रावर जाऊन कोणत्या तालुक्यात, किती महिने जाणार ते सांगायचे, उपचाराचे हिरवे-पांढरे जे काही पुस्तक असेल ते बरोबर ठेवायचे, आणि अडले तर १०९७ हा मोफत क्रमांक फिरवायचा. वस्तीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी दसऱ्याच्या आधी एवढे जरी दारोदार सांगितले तरी चालेल. टोळीतल्या कोणाला हे लागते, ते विचारायची गरज नाही, सगळ्यांनाच सांगावे.